साथ, वंश आणि वस्ती : मृत्युदरातील तफावत कुठून येते?

करोनाच्या काळात नाशिककरांची संध्याकाळ एका तक्त्याने सुरू होत असे. जिल्ह्याची त्या दिवसाची आकडेवारी व्हॉट्सॲपवर फिरू लागे आणि तिचे रकाने ठरलेले असत : नाशिक महापालिका क्षेत्र, नाशिक ग्रामीण, मालेगाव महापालिका क्षेत्र आणि जिल्हाबाह्य. रुग्ण कोणत्या हद्दीतला आहे एवढे त्यातून कळे. तो काय काम करतो, किती जणांसोबत एका खोलीत राहतो, कोणत्या समाजाचा आहे, हे कळण्याची सोय त्यात नव्हती. त्याच महिन्यांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र रुग्ण आणि मृत्यू वंशनिहाय मोजले जात होते. ‘विषाणू जातपात पाहत नाही’ हे आपल्याकडे तेव्हा फार ऐकू आलेले वाक्य जीवशास्त्र म्हणून बरोबरच आहे, पण त्या देशांतील मृतांच्या याद्या पाहिल्या तर विषाणूने जातपात पाहिली असावी असेच कुणालाही वाटेल.

अमेरिकेतील मूलनिवासी समाजाचे सरासरी आयुर्मान २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत ६.६ वर्षांनी घसरून ६५.२ वर्षांवर आले. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिश भाषक देशांतले) आणि मूलनिवासी या तिन्ही गटांचा कोविडमुळे झालेला मृत्युदर, वयातील फरक जमेस धरल्यानंतर, श्वेतवर्णीयांच्या सुमारे दुप्पट होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मे २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या विश्लेषणानुसार, वय जुळवल्यावर कृष्णवर्णीय पुरुषांना कोविडने मृत्यू येण्याची शक्यता श्वेतवर्णीय पुरुषांच्या ४.२ पट होती.

यातला ‘वय जुळवल्यावर’ हा तपशील नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो गाळला की हा सारा प्रश्नच दिसेनासा होतो. अमेरिकेच्या लोकसंख्येत हिस्पॅनिकांचे प्रमाण तेव्हा सुमारे १८ टक्के होते आणि २०२०मधील कोविड-मृत्यूंतही त्यांचा वाटा साधारण तेवढाच होता. वरवर पाहणारा म्हणेल की तफावत कुठेच नाही. परंतु या समाजाचे मध्यक वय, म्हणजे निम्मी माणसे ज्याहून लहान आणि निम्मी मोठी असतात ते वय, सुमारे ३० आहे, तर बिगर-हिस्पॅनिक श्वेतवर्णीयांचे सुमारे ४४. कोविड हा प्रामुख्याने वृद्धांचा जीव घेणारा आजार असल्यामुळे तरुण समाजात मृत्यू पुष्कळ कमी व्हायला हवे होते. ते बरोबरीने झाले, याचा अर्थ प्रत्येक वयोगटात हिस्पॅनिक माणसे कितीतरी जास्त प्रमाणात दगावली. दोन गटांचे वयोमान सारखे असते तर काय घडले असते, हे काढण्याच्या या रीतीला वय-प्रमाणीकरण म्हणतात. साथीच्या बातम्यांत नुसती टक्केवारी दिली जाते तेव्हा वाचकाने सर्वांत आधी हे प्रमाणीकरण झाले आहे का ते पाहावे.

तफावतीचे मूळ शोधताना ब्रिटनच्या त्याच विश्लेषणातील पुढची पायरी उपयोगी पडते. राहण्याचा भाग, घराची स्थिती, शिक्षण, आर्थिक स्तर आणि स्वतः नोंदवलेले आरोग्य हे घटक हिशेबात घेतल्यावर ४.२ पट हा आकडा १.९ पटीवर आला. म्हणजे तफावतीचा मोठा भाग त्या माणसाचा वंश नव्हे, तर त्याचा पत्ता आणि त्याचे काम यांनी स्पष्ट होतो. बस चालवणारे, इस्पितळात सफाई करणारे, मांस कारखान्यांत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक घरी बसून काम करू शकत नव्हते, आणि त्या कामांत कोणत्या समाजाची माणसे जास्त आहेत हे साथ येण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेले होते. अमेरिकेतील नावाहो राष्ट्र या मूलनिवासींच्या स्वायत्त प्रदेशात, जेथे सुमारे तीन घरांपैकी एका घरात नळाचे पाणी नाही, मे २०२०मध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात बाधितांची संख्या न्यूयॉर्कपेक्षाही वर गेली होती. वीस सेकंद हात धुण्याचा सल्ला तेथे कोणत्या पाण्याने पाळायचा होता?

आपल्याकडे याच सुमारास मालेगावचे नाव राज्यभर गाजत होते. एप्रिल आणि मे २०२०मध्ये ते महाराष्ट्रातील मोठ्या हॉटस्पॉटांपैकी एक झाले, तेव्हा चर्चा बहुतेक तेथील लोकांच्या धर्माची आणि सवयींची झाली. यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून असलेली दाटीवाटीची घरे, एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारी माणसे, सुताच्या धुळीने आधीच त्रासलेली फुफ्फुसे यांची चर्चा फारच कमी झाली. जुलै २०२०मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत ६,९३६ जणांचे रक्त तपासले गेले, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळली आणि त्याच प्रभागांतील इतर घरांत १६ टक्के. मधे फक्त एक रस्ता किंवा एक कुंपण असेल, पण सार्वजनिक शौचालय, एक खिडकी आणि एका खोलीतील सहा-सात माणसे यांनी हा फरक घडवला होता. नाशिकच्या ग्रामीण भागाकडे पाहिले तर एप्रिल हा द्राक्षबागांच्या खरड छाटणीचा महिना. टाळेबंदी असो वा नसो, वेल थांबत नाही. त्यामुळे दिंडोरी-निफाडच्या बागांत आदिवासीबहुल पेठ-सुरगाण्याकडचे मजूर पिकअपमध्ये उभे राहून येतात, बागेच्या कडेला एका पालात राहतात, आणि ‘सुरक्षित अंतर’ ही सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली तरी पाळायला जागा नसते.

मग जनुकांचे काय, हा प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. तिसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुकीय पट्टा गंभीर कोविडशी निगडित असल्याचे २०२०मध्येच लक्षात आले होते. तो निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाकडून आपल्याकडे आला, असे ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी दाखवले. पुढे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१मध्ये त्यातील एलझेडटीएफएल१ या जनुकाकडे बोट दाखवले. ६५ वर्षांखालील व्यक्तींत फुफ्फुसे निकामी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढवणारे याचे रूप दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ६० टक्के लोकांत असते, युरोपीय वंशाच्या सुमारे १५ टक्के लोकांत, आणि आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या जेमतेम २ टक्के लोकांत. हा शेवटचा आकडा फार बोलका आहे. ब्रिटनमधील कृष्णवर्णीय समाजात हे जनुकरूप जवळपास नसतानाही पहिल्या लाटेत मृत्युदर सर्वाधिक होता तो त्याच समाजात. दक्षिण आशियाई लोकांच्या बाबतीत जनुकाचा काही वाटा असू शकतो, पण झोपडपट्टी आणि शेजारची सोसायटी यांतील फरक तो समजावू शकत नाही.

भारतात समाजनिहाय नोंदी ठेवल्याच गेल्या नाहीत असे मात्र नाही. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहराच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची समाजनिहाय मांडणी केली होती. त्या नोंदींत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे त्यांच्यात दर हजारी ६१.६ मृत्यू झाले, इतर हिंदूंत आणि मुसलमानांत साधारण १९, पारशांत ९ आणि युरोपियनांत ८.३. विषाणू एक, शहर एक, पावसाळ्यानंतरचे तेच आठवडे, आणि तरीही सातपटींहून अधिक फरक. साहेबांच्या बंगल्यात आणि चाळीच्या खोलीत हवा किती खेळते, ताप आल्यावर पाणी आणि पेज देणारे कुणी शिल्लक आहे का, यांवर तेव्हा पुष्कळ अवलंबून होते, कारण औषध कुणाकडेच नव्हते.

२०२०साठी अशी सरकारी मांडणी नाही. २०२४मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील १४ राज्यांच्या माहितीवरून अंदाज बांधला, तो असा : २०१९ ते २०२० या काळात उच्चवर्णीय हिंदूंचे आयुर्मान १.३ वर्षांनी घटले, अनुसूचित जातींचे २.७, अनुसूचित जमातींचे ४.१ आणि मुसलमानांचे ५.४ वर्षांनी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या अभ्यासाची पद्धत सदोष ठरवून हे निष्कर्ष अमान्य केले. माझ्या दृष्टीने हा वाद मिटवण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे मोजणी. मात्र ती रोजच्या तक्त्यात नव्हे. साथ भरात असताना बाधितांची नावे समाजाशी जोडली की काय होते, ते मालेगावने भोगले आहे. साथ ओसरल्यावर, नावे वगळून केलेले विश्लेषण ही वेगळी गोष्ट आहे. ज्या जिल्ह्यात दर चारांपैकी सुमारे एक माणूस आदिवासी आहे, तेथे ‘ग्रामीण’ या एका शब्दात सुरगाणा आणि निफाड एकत्र घालून हाती काही लागत नाही.

तफावत उपचाराच्या टप्प्यावरही वाढू शकते, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आजही पडून आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सप्टेंबर २०२०मध्ये सुरू झाली तेव्हा आशाताई रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारे ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. हे छोटे यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवते : सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हे शोषण किती बदलते, त्याचे गुणोत्तर यंत्र काढते. पण त्या गुणोत्तरावरून टक्केवारी सांगण्यासाठी लागणारे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करून बनवलेले असते, आणि या स्वयंसेवकांत गोऱ्या त्वचेची माणसे जास्त होती. त्वचेतील मेलॅनिनही प्रकाश शोषते. ठोक्यागणिक ते बदलत नसल्याने त्याचा परिणाम आपोआप वजा होईल, असे गृहीत होते. तो पूर्ण वजा होत नाही.

मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी डिसेंबर २०२०मध्ये यंत्राचे आकडे आणि धमनीतील रक्ताची प्रत्यक्ष तपासणी यांची तुलना प्रसिद्ध केली. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातील खरे प्रमाण ८८ टक्क्यांच्या खाली असणे, असा प्रकार श्वेतवर्णीय रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळला आणि कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के मोजण्यांत. चूक रुग्णाला बरा दाखवण्याच्या दिशेने होते, हे त्यातले घातक. खाट, प्राणवायू आणि रेमडेसिविर यांचे निर्णय त्या आकड्यावर होत होते, आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रुग्ण उपचारास पात्र असल्याचे उशिरा लक्षात आल्याचे पुढील अभ्यासात दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या आधीच्या मार्गदर्शनानुसार अशा यंत्राच्या चाचणीला किमान दहा माणसे पुरत आणि त्यांत गडद त्वचेची दोन असली तरी चालत. जानेवारी २०२५च्या मसुद्यात ही संख्या १५० किंवा अधिक करण्याची आणि त्वचेच्या सर्व छटांची माणसे घेण्याची शिफारस आहे. तोवर सावळ्या बोटावर यंत्र लावणाऱ्याने नखाचा रंग काढून हात गरम करून घ्यावा, एकाच आकड्यावर विसंबण्याऐवजी सकाळ-संध्याकाळची घसरण पाहावी, आणि आकडा ९४ असूनही माणसाला बोलताना दम लागत असेल तर त्या दमाला आकड्यापेक्षा अधिक महत्त्व द्यावे.