काढ्यातून चहात : विदर्भातील खेड्यांत आल्याचा चहा कसा रुजला

विदर्भातील कोणत्याही खेड्यात थंडीच्या दिवसांत घरात कोणी दोनदा शिंकले, की चुलीकडे पहिली सूचना जाते ती “च्यात जराशी अद्रक टाक वं” अशी. हा उपाय आजी-पणजीपासून चालत आलेला आहे असे सर्रास सांगितले जाते आणि त्यातील निम्मी गोष्ट खरीही आहे. औषध म्हणून आले फार जुने आहे. चहा मात्र येथील बहुतेक खेड्यांच्या स्वयंपाकघरांत शिरल्याला पुरती शंभर वर्षेही झालेली नाहीत. सर्दीवर पूर्वी जो काढा दिला जाई, त्याच काढ्यात पुढे चहापत्ती पडली आणि त्याचे नाव बदलले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

आल्याची वनस्पती आज रानात आपोआप उगवलेली कोठेही सापडत नाही. माणसाने कंद लावला तेथेच ती वाढते, आणि तिची लागवड किती जुनी असावी याचा अंदाज एवढ्यावरूनही येतो. आयुर्वेदात ओल्या कंदाला आर्द्रक आणि वाळवलेल्याला शुंठी म्हटले आहे. सुंठ, मिरे आणि पिंपळी यांचे मिळून होणारे त्रिकटू कफाच्या विकारांत वापरले जाते, तर सोळाव्या शतकातील भावप्रकाश हा ग्रंथ जेवणाआधी मीठ लावलेला आल्याचा तुकडा खाण्यास सांगतो. विदर्भात मात्र ओल्या आल्यापेक्षा सुंठीचा वावर मोठा राहिला, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. कपाशीला मानवणारी काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन आल्याला मानवत नाही. निचरा झाला नाही तर त्याचा कंद कुजतो. आजही राज्यातील आल्याचे मोठे क्षेत्र सातारा आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांकडे आहे. उलट सुंठ डब्यात वर्षभर टिकते, म्हणून ती बाळंतिणीच्या लाडवांत, रामनवमीच्या सुंठवड्यात आणि खोकल्याच्या काढ्यात सारख्याच हक्काने पडत आली. औषधाशिवाय आपोआप काम झाले तर ‘सुंठीवाचून खोकला गेला’ असे आपण म्हणतो, ते उगाच नव्हे.

हा काढा म्हणजे सुंठ, दोन-चार मिरे, अंगणातील तुळस आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला गवती चहा एकत्र उकळून, पाणी चौथाई उरेपर्यंत आटवून, त्यात गूळ घातलेले कढत पाणी. ‘चहा’ या नावाचे खरे झाड या गवतापासून फार दूर, आसामात होते. आसामी चहाचा पहिला लिलाव १८३९ मध्ये लंडनमध्ये झाला आणि त्यानंतर कित्येक दशके हिंदुस्थानात पिकणारा चहा मुख्यतः बाहेरच जात राहिला. मराठी समाजात तर तो बराच काळ साहेबी आणि संशयास्पद पेय मानला जाई. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा दिला गेला आणि त्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले, हे प्रकरण प्रसिद्ध आहे. पुण्यातच ही स्थिती असताना वऱ्हाडातल्या खेड्यात सर्दीवर चहा दिला जात असेल, हे संभवत नाही.

ही स्थिती बदलण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली रेल्वे. वऱ्हाडाचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला, येथील कापूस मुंबईला नेण्यासाठी लोहमार्ग टाकण्यात आला आणि १८६७ मध्ये तो नागपूरला पोहोचला. दुसरी गोष्ट म्हणजे चहामळेवाल्यांनी चालवलेला प्रचार. चहाच्या निर्यातीवर १९०३ पासून एक उपकर बसवण्यात आला आणि त्याचा पैसा चहाचा खप वाढवण्यासाठी खर्च होऊ लागला. पुढे १९३० च्या सुमारास जागतिक मंदीने परदेशी मागणी घसरली, तेव्हा मळेवाल्यांचे लक्ष देशातल्याच गिऱ्हाइकाकडे जोरात वळले. रेल्वे स्थानके, गिरण्या, बाजार आणि जत्रा अशा ठिकाणी चहा करून दाखवण्यात आला, फुकट पाजण्यात आला आणि चहा कसा करावा याच्या पाट्या लावण्यात आल्या. पाटीवरची कृती किटलीत पत्ती टाकून वर उकळते पाणी ओतण्याची होती. पत्ती पाण्यातच खळखळ उकळणे आणि वर दूध, साखर व मसाला सढळ हाताने घालणे हे प्रचारकांना पसंत नव्हते, कारण त्या रीतीने थोड्या पत्तीत पुष्कळ चहा होतो. लोकांनी चहा घेतला आणि पाटीवरची कृती सोडून दिली. औषधी काहीतरी करायचे म्हणजे ते उकळायचे, ही सवय काढ्याने आधीच लावलेली होती.

आले आणि चहा यांची गाठ येथे पक्की झाली ती, माझ्या मते, कापसाच्या हंगामात. वेचणी दिवाळीच्या आगेमागे जोर धरते आणि कापूस बाजारात येतो तो ऐन थंडीत. हिंगणघाट, वणी, खामगाव, अकोला या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचे, कारखाने उभे राहिले. त्यांच्या आवारात आणि बाजार समितीच्या फाटकाबाहेर गाड्या रात्रभर लागून राहत. १९७२ मध्ये सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाल्यावर तर रांगा आणखी लांबल्या. बैलांना कडबा टाकून, घोंगडी पांघरून, रुईच्या तुसाने घसा खवखवत असताना पहाटेपर्यंत जागणाऱ्या माणसाला टपरीवर जे मिळे, ते होते अद्रक घातलेला कडक चहा. त्या टपरीची सवय तो गावी घेऊन येई. शेतातल्या जागलीचेही तसेच आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून हरभरा वाचवायला, किंवा वीज रात्रीच येते म्हणून गव्हाला पाणी द्यायला गेलेला माणूस सकाळी नाक वाहत घरी येतो, आणि त्याच्यासाठी चुलीवर चहाचा गंज, म्हणजे पातेले, आधीच चढलेला असतो.

विरोध झाला नाही असे नाही. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. उकळलेल्या चहात टॅनिन हे तुरट द्रव्य उतरते म्हणून ते त्याच्या विरोधात होते. त्यांच्या विचारांचा वर्धा परिसरावर मोठा प्रभाव पडला, चहाने मात्र फारसे ऐकले नाही. याच विदर्भात चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे, तरी सर्दी झाल्यावर कॉफीची आठवण येथे सहसा कोणाला होत नाही, हेही जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

गरिबाघरी चहा रोजचा झाला त्यात सीटीसी पत्तीचा वाटा मोठा आहे. पाने चिरडून, फाडून, गोळ्या वळवण्याची ही यंत्रपद्धत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात निघाली आणि स्वातंत्र्यानंतर तिचा प्रसार झाला. बारीक दाण्याची ही पत्ती चिमूटभर टाकली तरी रंग सोडते, आणि आल्याच्या तिखटपणापुढे तिचा कडकपणा टिकून राहतो.

खेड्यातील सर्दीचा चहा बहुधा कोरा असतो. दुधाने कफ वाढतो ही समजूत त्यामागे आहे. दूध संध्याकाळपर्यंत उरत नाही हे कारणही तितकेच खरे असावे. गाठींतली माती धुऊन, चमच्याच्या कडेने साल खरवडून, बोटाच्या पेराएवढा तुकडा खलबत्त्यात ठेचतात आणि तो गार पाण्यातच टाकून आधणाबरोबर पाच-सात मिनिटे उकळू देतात. पाणी फिकट पिवळसर झाले आणि वाफ नाकाला झोंबू लागली की गूळ, शेवटी पत्ती, आणि एक उकळी आली की सांडशीने गंज उचलून गाळणे. दूध घालायचेच असेल तर आले चांगले उकळल्यावर घालावे. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते, त्याने दूध फाटते. उकळल्यावर ते निकामी होते. गुळानेही दूध फाटू शकते; दुधाच्या चहात तो खाली उतरवल्यावर घालणाऱ्या बायका अनुभवानेच हे शिकलेल्या आहेत.

या चहाने सर्दी बरी होते, असे म्हणता येणार नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांतील प्रमुख असलेला ऱ्हायनोव्हायरस १९५० च्या दशकात सापडला आणि आल्याने तो शरीरातून हटतो असे दिसलेले नाही. आराम मात्र खरा आहे. कार्डिफ येथील अभ्यासकांनी २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांना फळाचे एकच पेय काहींना गरम आणि काहींना साधे दिले; गरम पेय घेणाऱ्यांना नाक वाहणे, खोकला, घशाची खवखव आणि हुडहुडी यांपासून तत्काळ बरे वाटले. म्हणजे निम्मे काम पाण्याच्या उष्णतेचेच आहे. उरलेली झणझण ओल्या आल्यातील जिंजेरॉल या तिखट द्रव्याची. तीन-चार दिवसांत ताप उतरला नाही किंवा धाप लागली तर दवाखाना गाठावा, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये.

करोनाच्या साथीत, २०२० च्या मार्चअखेरीस, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा घेण्याची सूचना केली, आणि काढा हा शब्द पुन्हा घरोघरी ऐकू येऊ लागला. पुढे २०२३ च्या पावसाळ्यात आल्याचे भाव भडकले, तेव्हा आठवडी बाजारात पावकिलोऐवजी तुकड्याने अद्रक मागणारी गिऱ्हाइके दिसू लागली. ज्यांच्या डब्यात सुंठ होती त्यांचे अडले नाही. वाळताना जिंजेरॉलचा काही भाग शोगॉलमध्ये बदलतो आणि तो अधिक तिखट असतो, त्यामुळे दोन कप कोऱ्या चहाला सुंठीची चिमूटभर पूड पुरते.