ओटीजीत चिनी मातीचा डिनरसेट भाजला जात नाही

सांगली-मिरजेकडं व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज कधीपासून फिरतोय, की चिनी माती साच्यात ओता, ओटीजीत (घरच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाजा, डिनरसेट तयार. असं होत नाही हो. साच्याचा भाग खरा आहे, तो घरी मस्त जमतो: केओलिन (पांढरी चिकणमाती), फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ (ही दोन खनिजं) यांची पाण्यात कालवलेली पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतायची, प्लास्टर पाणी शोषतं, कडेला थर धरतो, हवा तेवढा जाड झाला की उरलेली माती परत ओतून काढायची आणि वाळताना वाटी आक्रसून साच्यातून आपोआप सुटते, बघायलाच भारी वाटतं.

पण ओटीजी जातं साधारण 250 अंशापर्यंत आणि पोर्सिलेनला, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांना, लागतात 1200 च्या वर, तेव्हाच फेल्डस्पार वितळून सगळं काचेसारखं एकजीव होतं. कुंभाराची उघडी भट्टीपण सहसा हजाराच्या आतच. म्हणजे ओटीजीतली वाटी ही नुसती वाळलेली माती, आमटी ओतली की गाळ होणार.

कॉर्नफ्लोर-फेव्हिकॉलचं, न भाजता नुसतं वाळवायचं कोल्ड पोर्सिलेन शोपीसला ठीक, त्यात पोरांना जेवायला देऊ नका, प्लीज. साचे घरी करा, भाजायला मात्र हाय टेंपरेचरची भट्टी असलेला पॉटरी स्टुडिओ गाठा आणि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) बिनशिशाचं, जेवणाच्या भांड्यांसाठीचंच घ्या.