पहिल्या घराच्या कर्जावर व्याज अनुदान: प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये कोण बसतं, कागदपत्रं कोणती लागतात

फ्लॅट बघायला गेलं की सेल्स ऑफिसमध्ये अजूनही ऐकू येतं, "सर, 2 लाख 67 हजारांची सबसिडी मिळेल, डाउन पेमेंटचं टेन्शन घेऊ नका." यावर विसंबून टोकन देऊ नका. 2.67 लाखांचा आकडा जुन्या क्रेडिट लिंक्ड सबसिडी योजनेचा आहे आणि ती योजना मार्च 2022 मध्येच संपली. सध्या जी चालू आहे ती प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0. ती 1 सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांसाठी आहे. कर्ज काढून पहिलं घर घेणाऱ्यांसाठी तिच्यात व्याज अनुदानाचा घटक आहे आणि त्याची कमाल रक्कम 1 लाख 80 हजार रुपये आहे. हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. ते पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्ज खात्यात जमा होतात, म्हणजे पूर्ण अनुदान बसलं तर वर्षाला 36 हजार. त्यामुळे डाउन पेमेंटच्या हिशेबात ही रक्कम धरूच नका.

पात्रतेत सगळ्यात आधी तीन आकडे पाहा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत. तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. अनुदान पहिल्या 8 लाखांच्या कर्जावरच, 4 टक्के दराने आणि जास्तीत जास्त 12 वर्षांच्या मुदतीसाठी मोजलं जातं. यावरून अनेकांचा समज होतो की कर्ज 30 लाखांचं असलं तरी पहिल्या 8 लाखांवर अनुदान मिळेल. तसं नाही. 25 लाखांची मर्यादा ओलांडली की प्रकरणच बाहेर. घराचं चटई क्षेत्र 120 चौरस मीटरपर्यंत चालतं, पण 35 लाखांच्या आतल्या घराला ही मर्यादा सहसा आड येत नाही. घर नवीन असो, रीसेलचं असो किंवा स्वतः बांधलेलं, तिन्ही चालतात. कर्ज मात्र 1 सप्टेंबर 2024 रोजी किंवा त्यानंतरचं हवं.

उत्पन्न एकट्या अर्जदाराचं नव्हे, कुटुंबाचं धरतात. समजा नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न 5 लाख 40 हजार आहे आणि बायको शिकवण्या घेऊन 3 लाख 20 हजार कमावते. बेरीज 8 लाख 60 हजार, म्हणजे मध्यम उत्पन्न गट. 3 लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, 3 ते 6 लाख अल्प उत्पन्न गट आणि 6 ते 9 लाख मध्यम उत्पन्न गट. अर्जात फक्त नवऱ्याचा पगार दाखवून खालच्या गटात बसण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बँकेकडे दोघांचेही कागद जाणार आहेत.

खरी अडचण "पहिलं घर" या अटीत येते. योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं-मुली. यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. शहरात नाही म्हणजे झालं, असं नाही. वडील हयात आहेत आणि गावचं घर त्यांच्याच नावावर आहे, तर विवाहित मुलाला ते घर सहसा आड येत नाही, कारण आई-वडील त्याच्या कुटुंबाच्या व्याख्येत येत नाहीत. पण वडील गेल्यानंतर वारस नोंद झाली असेल आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर किंवा प्रॉपर्टी कार्डावर तुमचंही नाव चढलं असेल, तर ते घर तुमच्याही नावावर आहे. कित्येकांना आपलं नाव कुठे लागलंय याची कल्पनाच नसते. म्हणून बुकिंगआधी गावच्या घराचा उतारा काढून बघा. बायकोच्या माहेरच्या घराचाही काढा, कारण वारस म्हणून मुलींची नावंही लागतात. आणि लग्न झालेलं नसेल तर व्याख्येनुसार तुम्ही आई-वडिलांच्या कुटुंबात येता. त्यांच्या नावावर घर असेल तर बँकेला हा प्रश्न आधी विचारा.

याशिवाय गेल्या 20 वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कुठल्याही घरकुल योजनेचा लाभ कुटुंबाने घेतलेला नसावा. याचं प्रतिज्ञापन द्यावं लागतं.

घर कुणाच्या नावावर घ्यायचं हेही आधीच ठरवा. योजनेला घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर अपेक्षित आहे. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत मिळते, संयुक्त नावावर ती मिळत नाही. 34 लाखांच्या घरावर हे 34 हजार होतात, जवळपास अनुदानाच्या एका वर्षाच्या हप्त्याएवढे. मला ही सवलत फार मोलाची वाटते, कारण ती नोंदणीच्या दिवशीच पदरात पडते.

कागदपत्रांत कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डं, आधारशी जोडलेलं बँक खातं, उत्पन्नाचा पुरावा, लागू असल्यास जातीचा दाखला आणि घराचे कागद लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागला तर आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करा. नोकरदारांनी फॉर्म 16 आणि पगाराच्या स्लिपा जवळ ठेवाव्यात.

पण कागद नसण्यापेक्षा नावं न जुळणं जास्त छळतं. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँक पासबुकात मधलं नाव गायब आणि करारनाम्यात चौथंच काहीतरी. माणूस एकच असला तरी संगणकाला ते कळत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र लावून आधी आधार दुरुस्त करा, मग त्याबरहुकूम पॅन आणि पासबुक. करारनाम्याचा मसुदा हातात आला की नावाचं एकेक अक्षर आधारशी ताडून बघा. नोंदणी झाल्यावर चूक सापडली तर चूक दुरुस्ती पत्राचा खर्च आणि फेऱ्या दोन्ही मागे लागतात.

अर्ज गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. आधी राज्य, उत्पन्न, पक्कं घर आहे का आणि मागे लाभ घेतला का असे प्रश्न येतात. त्यातून पार पडलात की आधारवर ओटीपी आणि मग मुख्य फॉर्म. घटक निवडताना व्याज अनुदान योजनाच निवडा. स्वतःच्या जागेवर बांधकामासाठी मदतीचा घटक वेगळा आहे. अर्ज क्रमांक जपून ठेवा आणि कर्ज मागताना बँकेला द्या. बँक किंवा गृहवित्त संस्था या योजनेत सहभागी आहे का, हे कर्जाची फाइल लावण्याआधी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. अनुदानाचा दावा तिच्यामार्फतच पुढे जातो, तुम्ही परस्पर करू शकत नाही.

मंजुरीनंतरची एक अट फार कमी जणांना माहीत असते. अनुदानाचा प्रत्येक हप्ता जमा होताना कर्ज चालू हवं आणि मुद्दलाचा निम्म्याहून जास्त भाग बाकी हवा. दोन वर्षांत गावची जमीन विकून कर्जाचा मोठा भाग फेडला तर पुढचे हप्ते थांबू शकतात. व्याज वाचवणं फायद्याचं की उरलेलं अनुदान, हा हिशेब मोठी रक्कम भरण्याआधी बँकेत बसून मांडून घ्या. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं असेल तेव्हाही आधी लेखी खुलासा घ्या. आणि दरवर्षी कर्ज खात्याचं स्टेटमेंट काढून हप्ता मुद्दलात वळता झाला का ते पाहा. नसेल झाला तर अर्ज क्रमांक आणि स्टेटमेंट जोडून शाखेला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.