दुकानाच्या फळ्या आणि वादळाचं शटर

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की आपल्याकडे खानदेशात वावटळी सुरू होतात, मग मे संपता संपता एखाद्या दुपारी आभाळ काळं होतं आणि अर्ध्या तासात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या, गावातले पत्रे शेजारच्या वावरात. बातमी केळीची येते, यायलाच पाहिजे, पण पत्रे उडण्यात खिडकी-दरवाजाचा किती हात असतो ते कोणी सांगत नाही.

जुनं धाब्याचं घर आठवा. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर, खिडकी हातभर आणि तिला लाकडी झडप, दाराला आतून अडसर. त्या छताला वारा काय उचलणार! आणि बाजारातल्या जुन्या दुकानांना फळ्या असायच्या, खालीवर खाच, त्यात एकेक फळी सरकवायची, फळ्यांवर नंबर कारण क्रम चुकला की शेवटची बसतच नाही, मग आडवी पट्टी न कुलूप. त्या होत्या चोरासाठी, पण वादळाचं शटर, म्हणजे वादळात खिडकी-दारावर लावायचं काढता-घालता येणारं झाकण, ते जवळजवळ हेच. जपानमधे पण घरांना अशी सरकती लाकडी दारं असतात, अमाडो म्हणतात, दिवसा बाजूच्या पेटीत सरकवून ठेवायची.

अशा शटरचे आताचे नियम आले ते अमेरिकेतल्या फ्लोरिडातून. तिकडे वादळ येणार म्हटलं की लोक खिडक्यांवर प्लायवूड ठोकायचे. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला धडकलं, हजारो घरं गेली, आणि नंतर पाहणीत दिसलं की कितीतरी घरात आधी खिडकी नाहीतर गॅरेजचं दार फुटलं आणि मग छप्पर गेलं. कारण सोपं आहे, वरून जाणारा वारा छताला ओढतो आणि फुटलेल्या खिडकीतून घुसलेला वारा आतून ढकलतो, दोन्ही जोर एकाच दिशेने. म्हणजे शटर काचेसाठी कमी आणि छपरासाठी जास्त. म्हणूनच "खिडक्या उघड्या ठेवा, वारा निघून जाईल" हे ऐकू नका प्लीज.

१९९४ पासून मायामीच्या भागात शटरची टेस्ट आली, साधारण ४ किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटरने मारायचा, मग दाब परत परत कमीजास्त करायचा, तरी टिकलं पाहिजे. २००२ ला पूर्ण राज्याचा एकच बिल्डिंग कोड, म्हणजे बांधकामाचे नियम, लागू झाला. पन्हाळीचे अॅल्युमिनियमचे किंवा गॅल्व्हनाइज्ड पॅनल, वर चॅनल, खाली बोल्ट, हाताने आवळायचे विंग नट, हे तिकडे घरोघरी दिसतं.

आपल्याकडे धाबी गेली, पत्रे आणि मोठ्या स्लायडिंग खिडक्या आल्या, म्हणजे छत हलकं झालं आणि भोकं मोठी. फक्त एक फरक आहे, त्यांना चक्रीवादळाचा इशारा बहुतेक वेळा दोन-तीन दिवस आधी मिळतो म्हणून पॅनल शोधून लावायला वेळ असतो, आपलं वादळ अर्ध्या तासाचं. त्यामुळे मला तरी वाटतं इथे बिजागरीवर कायम बसवलेली, आतून ओढून कडी लावता येईल अशी लाकडी किंवा पत्र्याची झडपच कामाची, आणि सुट्या फळ्या करायच्याच असतील तर नंबर टाकून त्याच खिडकीखाली ठेवा, माळ्यावर नाही.