द हॉबिट (१९८२ चा टेक्स्ट अॅडव्हेंचर गेम)

द हॉबिट हा १९८२ साली आलेला टेक्स्ट अॅडव्हेंचर गेम. म्हणजे जॉयस्टिक हलवत बसायचं नाही, कीबोर्डवर वाक्य टाइप करायचं, एंटर मारायचा आणि पुढे काय झालं ते वाचायचं. टॉल्किनच्या १९३७ च्या त्याच नावाच्या कादंबरीवरून ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने तो बनवला, मेलबर्न हाऊसने विकला, आणि ब्रिटनमध्ये ४८ के (किलोबाइट) मेमरीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर तर तो तुफान चालला. लायसन्स रीतसर घेतलेलं होतं, बॉक्समध्ये कॅसेटबरोबर पुस्तकाची प्रतही यायची, त्यामुळे कुठे अडलं तर बघायला पुस्तक हाताशीच.

मूळ डिझाइन व्हेरोनिका मेग्लर यांचं. तेव्हा त्या मेलबर्न विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकत होत्या आणि बीममध्ये पार्ट टाइम काम करत होत्या. त्यांनी कलोसल केव्ह हा जुना गेम खेळला होता, पण एकदा नकाशा आणि कोडी कळली की त्यात परत खेळण्यासारखं काही उरत नाही, हे त्यांना खटकायचं. म्हणून दरवेळी वेगळा घडणारा गेम करायचा असं त्यांनी ठरवलं, आणि या गेमची सगळी गंमत (आणि सगळा वैतागही) तिथूनच येते.

तोवरच्या बहुतेक अॅडव्हेंचरमध्ये बाकीची पात्रं तुम्ही येईपर्यंत जागेवर पुतळ्यासारखी उभी असायची. इथे तसं नाही. जादूगार गँडाल्फ, बुटका थोरिन, एल्फ एल्रॉन्ड, दुष्ट गॉब्लिन, अशा कादंबरीतल्या पात्रांपैकी प्रत्येकाची कामांची छोटी यादी ठरलेली, तुमची चाल झाली की ते आपापली चाल खेळणार, त्यात थोडं रँडम घातलेलं, आणि तुम्ही नुसते विचार करत बसलात तरी वेळ पुढे सरकतो. वस्तूंना आणि पात्रांना वजन, ताकद असे गुण दिलेले आणि नियम सगळ्यांना सारखेच, त्यामुळे मेग्लर यांनीही ठरवलेल्या नसतील अशा गोष्टी घडायच्या. गँडाल्फ तुमच्या नजरेआड कुणाशी तरी भिडून मरू शकतो. ड्रॅगनला मारायला बार्ड हा तिरंदाज लागतो, त्याला सांगायचं, 'से टू बार्ड "शूट द ड्रॅगन"', आणि तो सरळ नाही म्हणू शकतो! मग बसा परत सांगत. सगळ्यात प्रसिद्ध मात्र थोरिन. तुम्ही अंधारकोठडीत अडकलेले असता आणि स्क्रीनवर ओळ येते, 'थोरिन सिट्स डाऊन अँड स्टार्ट्स सिंगिंग अबाऊट गोल्ड'. ब्रिटनमधल्या त्या पिढीला ही ओळ अजून तोंडपाठ आहे.

सगळी कोडी काही अशी बेभरवशाची नाहीत. ट्रोलचं (म्हणजे राक्षसांचं) कोडं बघा, त्यांच्याशी लढायला गेलात तर संपलात, पण लांब थांबून उजाडू दिलं की ते दगड होतात, मग मोठी किल्ली उचलायची आणि त्यांच्या गुहेचं दार उघडायचं, आत तलवार आणि दोर मिळतो.

टाइप केलेलं वाक्य समजून घेणारा भाग, म्हणजे पार्सर, फिलिप मिचेल यांचा. त्याला नाव दिलं होतं इंग्लिश, स्पेलिंग मुद्दाम 'ई' ऐवजी 'आय' ने सुरू होणारं. 'किल ट्रोल' असं दोन शब्दांचं तुटक बोलण्याऐवजी विशेषणं, क्रियाविशेषणं घालून पूर्ण वाक्य लिहिता यायचं, एका ओळीत दोन-तीन कामंही सांगता यायची. चित्रं सगळ्याच जागांना नव्हती. जी होती ती तयार इमेज म्हणून साठवायला मेमरी कुठली, म्हणून फक्त रेषा काढायच्या आणि रंग भरायच्या सूचना ठेवलेल्या, आणि चित्र डोळ्यासमोर सावकाश रंगत जायचं.

बग (प्रोग्रॅममधल्या चुका) भरपूर होते, गेम मध्येच लटकायचाही, पण पात्रं इतकी मनमानी करायची की बग कुठला आणि थोरिनचा स्वभाव कुठला हे सांगणं कठीण.

पुढे मेग्लर आयबीएममध्ये गेल्या. मिचेल यांनी शेरलॉक (१९८४) हा गेम केला, नंतर लॉर्ड ऑफ द रिंग्जवरचेही गेम आले, पण हॉबिटएवढं नाव त्या गेमना मिळालं नाही. आपल्याकडे १९८० च्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाने स्पेक्ट्रम कॉम्प्युटर विकला होता. आता हॉबिट खेळायचा तर एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारे प्रोग्रॅम) आहेतच, फक्त नकाशा कागदावर स्वतःच काढत जा आणि गॉब्लिनांच्या बोगद्यात शिरण्याआधी गेम सेव्ह करा.