मास्क चाळणीसारखा काम करत नाही

‘तारेच्या कुंपणानं डास अडतात का?’ करोनाच्या काळात मास्क नाकारणाऱ्यांचा हा ठरलेला सवाल होता. पारावर, एसटीत, बाजार समितीत तो ऐकू यायचा. साथीची बातमी आली की तो आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. त्यामागचं गणित असं: विषाणू ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), धाग्यांमधल्या फटी त्याच्या कितीतरी पट मोठ्या, मग तो अडणार कसा? आकडे बरोबर आहेत. चुकतं ते मास्कला चाळणी समजण्यात.

साध्या निळ्या सर्जिकल मास्कला कात्री लावून पाहा. आत तीन थर निघतात. बाहेरचा आणि आतला थर मुख्यतः आधारासाठी आणि ओल सांभाळण्यासाठी असतो. काम करतो तो मधला पांढरा पातळ थर, म्हणजे मेल्टब्लोन पॉलिप्रॉपिलीन. वितळलेलं प्लॅस्टिक गरम हवेच्या झोतानं ओढून १ ते ५ मायक्रॉन जाडीचे तंतू काढतात आणि ते वेडेवाकडे एकमेकांवर पडू देतात. इथे सरळ आरपार भोक नसतंच. हवेला शेकडो तंतूंना वळसे घालत जावं लागतं आणि त्या वळणांवर कण सापडतात.

मोठा कण, म्हणजे साधारण एक मायक्रॉनच्या वरचा, जडत्वामुळे हवेबरोबर वळू शकत नाही. तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. त्याहून लहान कण हवेबरोबर वळतो खरा, पण तंतूच्या अगदी कडेनं जाताना त्याला घासतो आणि चिकटतो. या आकारात एकदा स्पर्श झाला की सुटका नाही, रेणूंमधलं आकर्षणच त्याला धरून ठेवायला पुरतं. ०.१ मायक्रॉनच्या आसपासच्या आणि त्याहून लहान कणांना हवेचे रेणू सगळीकडून धक्के देतात. ते धक्के कधीच समान नसतात, म्हणून असा कण सरळ न जाता भरकटत राहतो. ही ब्राउनियन गती. कण जितका लहान तितकं भरकटणं जास्त आणि तंतूला लागण्याची शक्यताही जास्त. म्हणून साध्या गाळणीतून सर्वात जास्त निसटतो तो मधला, सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण. भरकटायला तो जड पडतो आणि आदळायला हलका.

याच्यावर एक चौथी करामत आहे. या तंतूंवर कायमचा विद्युतभार बसवलेला असतो. कण तटस्थ असला तरी त्या भारामुळे तो तंतूकडे ओढला जातो. हे तंत्र घडवणाऱ्यांत टेनेसी विद्यापीठाचे पीटर त्साई हे मोठं नाव. भारामुळे गाळणीची कमकुवत जागा सरकून ०.०५ मायक्रॉनच्या आसपास येते. एन-९५ ची परीक्षाही साधारण त्याच टापूतल्या मिठाच्या सूक्ष्म कणांवर, मिनिटाला ८५ लिटर हवा ओढून घेतात. तिथे किमान ९५ टक्के कण अडले तरच तो पास. शिवाय विषाणू हवेत बहुतेक वेळा सुटा फिरत नाही, तो लाळेच्या आणि श्लेष्म्याच्या थेंबात असतो आणि तो थेंब त्याच्याहून मोठा असतो.

एन-९५ साबणानं धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारलं की हा भार उतरतो. मास्क दिसतो पूर्वीसारखाच, पण अर्धं काम गेलेलं असतं. म्हणून धुण्याऐवजी पाच मास्क घ्यावेत, रोज एक वापरावा आणि काढलेला कागदी पिशवीत वाळू द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

आता आपल्याकडच्या बागायती रुमालाचं. कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रॉन जाड, त्यावर भार नाही, आणि विणकामात सुतांमधून आरपार फटी राहतात. जिनिंगमधली जाड धूळ तो थोडीफार रोखेल, खोकल्याचे मोठे थेंबही रोखेल, सूक्ष्म कण मात्र फारसे नाही. म्हणून चार घड्या केल्या तर दुसरी अडचण येते. हवा कमी अडथळ्याची वाट धरते, म्हणून कापड जितकं दाट तितकी हवा नाकाच्या कडेनं आत शिरते. भुसावळच्या मे महिन्यात घामानं भिजलेल्या मास्कचंही हेच होतं. चष्म्यावर वाफ धरली तर वरून गळती आहे असं समजावं. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून बाजूला दाबत बसवायची. एका हाताच्या चिमटीनं मध्ये टोक येतं आणि दोन्हीकडे फट राहते. सर्जिकल मास्क सैल असेल तर कानाच्या दोऱ्यांना मास्कच्या अगदी जवळ गाठ मारून बाजूच्या चुण्या आत दुमडाव्यात. दाढीवर एन-९५ नीट बसत नाही.

मास्कमुळे ऑक्सिजन कमी पडतो, ही भीतीही याच चाळणीच्या कल्पनेतून आलेली. ऑक्सिजनचा रेणू विषाणूच्या शेकडो पटींनी लहान असतो आणि दोन्हीकडे वाहणाऱ्या हवेबरोबर तो आत-बाहेर जातच राहतो. २०२१ मध्ये तर कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असं घरोघरी सांगितलं गेलं. कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. कापूर जास्त गेला तर विषबाधा होते, लहान मुलांना तर फार लवकर. हे औषध म्हणून पुढे पाठवणं हा गुन्हाच मानायला हवा.

मग तज्ज्ञांतच वाद का? हा वाद जुना आहे. १९११ मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ होती. ती आवरायला नेमलेले डॉ. वू लिएन-ते यांनी कापूस आणि गॉझचा मास्क वापरायला सांगितलं. जेराल्ड मेनी या फ्रेंच डॉक्टरांनी ते मानलं नाही, मास्कविना रुग्ण तपासले आणि थोड्याच दिवसांत ते प्लेगनं गेले. आजच्या वादात मात्र दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. मास्क कण अडवतो का, हा प्रयोगशाळेचा प्रश्न आणि त्याचं उत्तर स्पष्ट आहे. लोकांना मास्क वापरा म्हटल्यानं साथ किती घटते, हा दुसरा. बांगलादेशातल्या ६०० गावांत, सुमारे ३.४ लाख प्रौढांवर ते पाहिलं गेलं. मास्क वाटून आणि आठवण करून दिल्यावरही नीट वापर १३ वरून ४२ टक्क्यांपर्यंतच गेला. तरी लक्षणांसह झालेला, रक्तचाचणीत सिद्ध झालेला संसर्ग एकूण ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत साठीवरच्यांमध्ये ही घट ३५ टक्के होती. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक मास्कविना असताना आलेला हा आकडा आहे. ‘फक्त ९ टक्के’ म्हणून मास्कला नापास करणारे हे सांगत नाहीत.

करोनाकाळात मास्क नसल्याबद्दल होणाऱ्या दंडाच्या बाबतीत तक्रार करणाऱ्यांचं मात्र बरोबर होतं. मोकळ्या रस्त्यावर एकट्या मोटारसायकलवाल्याची पावती फाडण्यात विज्ञान नव्हतं. मोकळ्या हवेत कण क्षणात विरतात. खिडक्या लावलेली एसटी, लग्नाचं बंद सभागृह, दवाखान्याची बाहेरची खोली इथे ते तासन्‌तास तरंगतात. वाल्व्हचा, म्हणजे श्वास बाहेर सोडणारी झडप असलेला, एन-९५ घालून तिथे बसणारा स्वतःपुरता वाचतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता शेजाऱ्याकडे जातो. म्हणूनच जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वाल्व्हचे मास्क वापरू नयेत असं राज्यांना कळवलं होतं.