सुती रीळ, टेरीनचा कोन आणि ठाण्यातली गोधडी

जांभळी नाक्याच्या आसपासच्या किंवा वाशीतल्या एखाद्या मॅचिंग सेंटरमध्ये 'क्विल्टसाठी दोरा द्या' म्हटलं, की समोरून पहिला प्रश्न येतो तो रंगाचा. दोरा कशाचा हवा, किती नंबरचा, किती पदरी (म्हणजे किती सुतं एकत्र पिळून केलेला), हे सहसा कुणी विचारत नाही. क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवून पांघरूण करणं, शिकवणाऱ्या वर्गांत नेमका उलटा आग्रह दिसतो: पन्नास नंबरचा सुती दोरा आणा, पॉलिस्टर आणू नका. दुकानातली सवय इथल्या टेलरांच्या कामातून आलेली आहे, वर्गातला नियम अमेरिकेतून. दोन्हींच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला काही भाग ठाणे जिल्ह्यात घडला, ही गोष्ट क्विल्ट करणाऱ्यांच्या कानावर फारशी येत नाही.

युरोपात शिवायचा सुती दोरा तसा जुना नाही. कापड कापसाचं असलं तरी तिथे शिवण रेशमाच्या किंवा जवसाच्या, म्हणजे लिननच्या, दोऱ्याने चालायची. बदल झाला तो स्कॉटलंडमधल्या पेझलीत. काश्मिरी शालींच्या नकला विणणारं हे गाव. आपली कोयरी जगभर ज्या नावाने ओळखली जाते ते नाव याच गावाचं. या शालींच्या मागांना रेशमी दोऱ्या लागत. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटनची व्यापारी कोंडी केली आणि रेशीम मिळेनासं झालं. तेव्हा क्लार्क घराण्यातल्या पॅट्रिक क्लार्क यांनी कापसाचं सूत पिळून रेशमाच्या जागी चालेल असा गुळगुळीत दोरा तयार केला. जो मागाला चालतो तो सुईलाही चालेल, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. १८१२ मध्ये क्लार्क मंडळींनी पेझलीत शिवणदोऱ्याचा कारखाना काढला. १८२६ मध्ये जेम्स कोट्स यांनी त्याच गावात दुसरा काढला. सत्तर वर्षं एकमेकांशी झुंजून १८९६ मध्ये दोन्ही घराणी एक झाली. भारतात १९७४ मध्ये झालेल्या विलीनीकरणातून उभी राहिलेली मदुरा कोट्स याच वंशातली.

हा पहिला दोरा हाताने शिवण्यासाठी होता: तीन पदरी, वरून खळ आणि मेण लावून चकचकीत केलेला. १८४६ मध्ये एलियस हाऊ यांनी शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी आपलं मशीन आणलं, आणि हा चांगला दोरा एकाएकी कुचकामी ठरला. हातशिलाईत दोरा कापडातून एकदा जातो आणि तिथेच राहतो. मशीनच्या दुहेरी टिपेत तसं नसतं. सुई खाली गेली की वरच्या दोऱ्याचा फास तयार होतो, तो बॉबिनभोवती फिरतो, आणि त्यातला बहुतेक दोरा नेढ्यातून परत वर खेचला जातो. दोऱ्याचा एकच भाग टाक्यात अडकण्याआधी नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर घासला जातो. ताठ, खळ लावलेला दोरा या घासण्यात तुटायचा किंवा त्याचं लेपण सुटून मशीनच्या टेन्शनच्या तबकड्यांमध्ये साचायचं. हाताने क्विल्ट करायला म्हणून विकला जाणारा लेपण केलेला दोरा मशीनला लावू नका असं आजही सांगतात, त्याचं कारण हेच.

तोडगा १८६०च्या दशकात निघाला. अमेरिकेत गेलेल्या जॉर्ज क्लार्क यांनी सहा पदरी दोरा बाजारात आणला. दोन-दोन पदर पिळून तीन दोऱ्या करायच्या आणि त्या तिन्ही पुन्हा उलट दिशेने एकत्र पिळायच्या. असा दोरा मऊ, गोल आणि सगळीकडे सारख्या जाडीचा होतो. पिळाची दिशाही तेव्हापासून महत्त्वाची झाली. मशीनच्या दोऱ्याचा शेवटचा पीळ झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखा असतो, कारण मशीनच्या हालचालीत तो घट्ट राहतो. एसच्या दिशेचा पीळ मात्र टाके पडता पडता उसवत जातो. भरतकामाची लडी वरून लावली की दोरा चिंध्या होऊन तुटतो आणि आपण मशीनवाल्याला बोलावतो. बऱ्याचदा मशीन बिचारं ठीक असतं.

चमक आली ती वेगळ्या वाटेने. इंग्लंडमधल्या लँकशरच्या जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये कॉस्टिक सोड्यात सुती कापड बुडवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. तंतू फुगतो, रंग जास्त धरतो, मजबूत होतो, पण आखडतो. चाळीसेक वर्षांनी होरेस लो यांनी तेच ताणून धरून केलं आणि सूत रेशमासारखं चमकू लागलं. रिळावर 'मर्सराइज्ड' लिहिलेलं असतं ते हे.

आता नंबर. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं थांबू. लँकशरच्या गिरण्यांत सूत दीड यार्ड परिघाच्या चाकावर गुंडाळत. ऐंशी फेरे झाले की १२० यार्ड, तसे सात झाले की ८४० यार्डांची एक लड. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर. म्हणून नंबर वाढला की सूत बारीक. मात्र हा नंबर एका पदराचा. पन्नास नंबरचे दोन पदर पिळले की सुमारे २४ टेक्सचा दोरा होतो, म्हणजे हजार मीटरला २४ ग्रॅम. तेच तीन पदर पिळले तर सुमारे ३५ टेक्स. रिळावर दोन्हीकडे पन्नासच दिसतं, पण एक दुसऱ्याच्या दीडपट जड. शिवाय 'वेट' नावाची वेगळी मोजणी आहे, तिच्यात ५० म्हणजे एका किलोत ५० किलोमीटर दोरा. तेव्हा 'पन्नास नंबर आणा' हा सल्ला अर्धाच आहे. पदर किती हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आपल्या टेलरकडचा नेहमीचा पॉलिस्टर दोराही ४०/२ म्हणून ओळखला जातो, म्हणजे जवळपास साडेएकोणतीस टेक्स. कापूस गेला, पण लँकशरची मोजणी कोनावर राहिली.

आपल्या गोधडीला या मोजणीची गरज कधी पडली नाही. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर, जाड सुती दोरा, कडेने सुरू करून आत आत जाणारा धावदोरा. टाके इतके जवळ की दोरा हाच कापडाचा भाग होतो. तिथे दोरा दिसावा, जाडच असावा, अशी अपेक्षा. पाश्चात्त्य पद्धतीच्या तुकडेजोडीत उलट हवं असतं. पाव इंच माया (शिवणीबाहेरचं कापड) धरून शेकडो तुकडे जोडायचे आणि शिवण घडीत दिसू नये इतकी पातळ. दोरा जाड असेल तर माया दुमडताना प्रत्येक शिवणीत कापड खातो. अर्धा मिलिमीटर गेला तरी वीस शिवणींत एक सेंटिमीटर जातो, आणि शेवटी कोपरा कोपऱ्याला लागत नाही.

ठाणे या गोष्टीत येतं ते कृत्रिम धाग्यांमुळे. गिरणगावाने कापूस कातला. जिल्ह्यात आलं ते रसायन. कल्याणजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन, शहाडला सेंच्युरी रेयॉन. लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस धागा काढणारे हे कारखाने विसाव्या शतकाच्या मध्यावर इथे उभे राहिले. मशीन भरतकामाचा तो लखलखीत दोरा बहुतेकदा व्हिस्कोसचा असतो. दिसायला रेशीम, पण ओला झाला की कमकुवत.

पॉलिस्टरचा शोध १९४१ मधला, इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांचा. आयसीआय कंपनीने त्याला टेरिलीन हे नाव दिलं. तिच्याशी संबंधित केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६०च्या दशकात ठाण्यात पॉलिस्टर तंतू बनवायला सुरुवात केली. त्याचं व्यापारी नाव टेरीन. टेरीन आणि कापूस मिसळलेल्या टेरिकॉटचे शर्ट, इस्त्रीला फाटा, लग्नात आहेर म्हणून टेरीनचा पँटपीस, हे सगळं त्या काळातलं. कापड बदललं तसा दोराही बदलला. टेरिकॉटचा शर्ट सुती दोऱ्याने शिवला तर धुतल्यावर दोरा आटून शिवण चुणते, त्यामुळे टेलरांनी पॉलिस्टर धरलं. तो स्वस्त, मजबूत, तंतू कमी सांडणारा. मॅचिंग सेंटरच्या फळीवर आज जे शंभर रंग दिसतात ते त्यातूनच आले.

मग क्विल्टवाल्यांनाच पॉलिस्टरचं वावडं का? १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि तिथे या कलेने पुन्हा उचल खाल्ली. नव्याने शिकणाऱ्यांसमोर आदर्श होता एकोणिसाव्या शतकाचा, म्हणजे सुती कापड, सुती दोरा, हातशिलाई. त्या भक्तीत एक युक्तिवाद रुजला की पॉलिस्टर कापडापेक्षा मजबूत, म्हणून ते कापड कापतं. ताण पडला तर शिवण आधी सुटावी, कापड फाटू नये, हे तत्त्व खरं आहे. पण पँटच्या शिवणीवर पडतो तसा ताण पांघरुणाच्या शिवणीवर पडत नाही. विरळ विणीचं कापड आणि घडीत साठलेली धूळ जास्त नुकसान करतात. इस्त्रीची भीतीही फुगवलेली आहे. सुती खुणेवरची इस्त्री साधारण २०० अंशांपर्यंत तापते, पॉलिस्टर वितळतं २५० च्या पुढे. भीती बाळगायची असेल तर नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याची बाळगावी. तो उष्णतेने ठिसूळ होतो, पिवळाही पडतो.

गंमत म्हणजे मशीन क्विल्टिंगला मान मिळू लागला तो याच पारदर्शक दोऱ्याच्या काळात. टाके दिसत नाहीत, म्हणून हातशिलाईवाल्यांची नाराजी कमी. १९८९ मध्ये अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोत्कृष्टाचा मान मिळाला आणि मशीनकाम दुय्यम ही समजूत ढिली पडली. त्यानंतर दोरा लपवायचा की मिरवायचा, हा निवडीचा भाग झाला.

म्हणून माझ्या मते एकच दोरा दोन्ही कामांना वापरायचा हट्ट सोडावा. तुकडे जोडायला २४-२५ टेक्सच्या आसपासचा दोन पदरी सुती दोरा, राखाडी किंवा मातकट रंगाचा, म्हणजे गडद-फिक्या दोन्ही कापडांत हरवतो. सुई ७५ किंवा ८० नंबरची. तो मिळाला नाही तर टेलरचा ४०/२ पॉलिस्टर घेऊन शिवणरेषा केसभर कापडाच्या काठाकडे घ्यावी, आभाळ कोसळत नाही. क्विल्टिंगला मात्र दोरा वरून दिसतो, तिथे खर्च करावा. ३५ टेक्सचा मर्सराइज्ड तीन पदरी, ९० नंबरची मोठ्या नेढ्याची सुई, खाली बॉबिनमध्ये बारीक दोरा आणि वरचं टेन्शन थोडं सैल. रोज मशीनमध्ये धुतली जाणारी बाळाची दुपटी असतील तर रेयॉन टाळून पॉलिस्टर. सोसायटीच्या गॅलरीत उन्हात वाळणाऱ्या कपड्यांनाही पॉलिस्टरच जास्त टिकतं.

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांसाठी येणाऱ्या जाड कोनांकडेही बघायला हरकत नाही. त्यातले बरेच कोअरस्पन, म्हणजे आत पॉलिस्टरचा अखंड तंतू आणि वर कातलेलं आवरण. तुकडेजोडीला ते जाड पडतात, पण गोधडीसारखा ठसठशीत टाका मशीनवर हवा असेल तर १०० नंबरची सुई लावून, टाका लांब करून छान बसतात. कोनावर चिठ्ठी नसेल तर वीतभर दोरा काडीवर पेटवून बघावा. कापूस आणि रेयॉन कागदासारखे जळून राख होते, पॉलिस्टर आखडून काळा टणक मणी उरतो. कोअरस्पनमध्ये वरचं आवरण सुती असेल तर आधी राख, मग मणी.